डोळे उघडून देणारा माणूस

लतीफचाचांची एम-एटी गावात शिरली की पारावरची माणसं आधी उठून उभी राहायची आणि मग विचारायची, "कोण गेलं?"

चाचा गाडी बंद न करताच सांगायचे, "कोण न्हाय गेलं. खालच्या आळीला बारसं हाय."

मग माणसं हसत खाली बसायची. चाचा हसायचे नाहीत. हँडलला अडकवलेली कॅमेऱ्याची पिशवी सावरून ते पुढे निघायचे. बारसं, लग्न, जावळ यांचे फोटो काढणारे परंड्यात आणखीही होते, आणि खरं सांगायचं तर चाचांपेक्षा झकपक काढायचे. मयताला मात्र आसपासच्या गावांतले लोक लतीफचाचांनाच बोलवायचे.

आमच्या भागात माणूस गेलं, त्याला आंघोळ घातली, नवे कपडे चढवले, की उचलायच्या आधी खुर्चीत बसवून घरच्यांबरोबर एक फोटो काढायची रीत होती. पुष्कळ गावांत अजून आहे. मागे कुणीतरी चादरीआड बसून मान सावरून धरायचं, बाजूला मुलं-सुना उभ्या राहायच्या. पुण्याकडच्या गिऱ्हाइकांना मी हे सांगते तेव्हा त्यांच्या अंगावर काटा येतो. येऊ दे. जिवंतपणी फोटो काढायला काहीतरी निमित्त लागतं, आणि रानात राबणाऱ्या बाईच्या वाट्याला असली निमित्तं येत नाहीत. पुष्कळांचा जन्मातला पहिला फोटो हाच असायचा.

मी वैशाली. धाराशिवला माझा स्टुडिओ आहे, लग्नसराईत हाताखाली माणसं असतात, पाटीवर माझं नाव आहे. लोक विचारतात, "मॅडम, फोटोग्राफीचा कोर्स कुठे केला?" मी सांगते, "परंड्याला." त्यांना वाटतं मी चेष्टा करते. परंड्याला लोक किल्ला बघायला जातात, नाहीतर कुर्डुवाडीची गाडी धरायला. फोटोग्राफी शिकायला तिथे कोण जाणार! पण मी तिथेच शिकले, किल्ल्याच्या वाटेवरच्या एका अरुंद दुकानात. दुकानाच्या पाटीवर 'न्यू फोटो स्टुडिओ' असं होतं. जुना कुठे होता ते चाचांनाही सांगता यायचं नाही.

चाचा काटकुळे होते. उन्हाळा असो नाहीतर थंडी, अंगात पांढरा सदरा, खिशात शेंगदाणे. बोलणं कमी. गिऱ्हाईक समोर बसलं की इतर फोटोवाले म्हणतात तसं "हसा" ते कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "श्वास सोडा."

मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "हसा म्हटलं की मानूस खोटं हसतं. श्वास सोडला की आपल्या तोंडावर येतं."

मयताच्या फोटोच्या वेळी हा हुकूम सोडता यायचा नाही. तेव्हा ते स्वतःच श्वास धरायचे. बटण दाबेपर्यंत सोडायचे नाहीत. त्या घरी ते पाणी घ्यायचे नाहीत, बाहेर येऊन हात धुवायचे आणि परंडा येईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत.

या फोटोनंतर त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. दिवस झाले, सुतक फिटलं की घरचं कुणीतरी तोच फोटो घेऊन दुकानात यायचं आणि काउंटरवर ठेवून म्हणायचं, "चाचा, डोळे उघडून द्या."

मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कसा लावणार? सणासुदीला हार कसा घालणार? म्हणून लोकांना डोळे उघडे हवे असायचे. चाचा मागची खुर्ची काढायचे, आधाराचा हात काढायचे, हवा तर अंगावर कोट, डोक्यावर फेटा चढवायचे. हे सगळेच स्टुडिओवाले करतात. डोळ्यांच्या बाबतीत मात्र त्यांची स्वतःची एक पद्धत होती. बाकीचे कुणाचेही तयार डोळे उचलून चिकटवतात. म्हणून तर आमच्याकडच्या कितीतरी घरांत भिंतीवरचा आजोबा सिनेमातल्या नटासारखा बघत असतो. चाचा विचारायचे, "मयताच्या वळणावर कोन गेलंय?" जे लेकरू त्या तोंडवळ्याचं असेल त्याला बोलवायचे, खिडकीशी बसवून त्याच्या डोळ्यांचा फोटो काढायचे आणि ते डोळे आईच्या नाहीतर बापाच्या चेहऱ्यात बसवायचे. आधी हे ते बारीक ब्रशने करायचे, पुढे कॉम्प्युटरवर करू लागले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच घरी. मी दहावीत होते आणि आई गेली होती. काविळीनं गेली. कोपऱ्यात बसून मी सगळं बघत होते, पण मला दिसत काही नव्हतं. आईला हिरवं लुगडं नेसवलं होतं, मळवट भरला होता. आत्यानं मागून तिला धरलं होतं. चाचा आले, चप्पल बाहेर काढली आणि फोटो काढायच्या आधी नुसते उभे राहिले. मग माझ्या वडिलांना, आण्णांना हळूच म्हणाले, "त्यांचा पदर डाव्या खांद्यावरनं घसरलाय. त्या असा ठेवत नसतील."

आण्णांनी पुढे होऊन पदर नीट केला. आण्णांनी आईला लावलेला तो शेवटचा हात. त्याआधी ते तिच्याजवळ जायलाच तयार नव्हते. हे चाचांना कसं कळलं, मला माहीत नाही. कदाचित कळलं नसेलही, खरोखर पदरच घसरला असेल. मी मात्र ते विसरलेले नाही.

आईचा दुसरा फोटो घरात नव्हता. येरमाळ्याच्या जत्रेत काढलेला एक होता, तो पत्र्यातून गळलेल्या पाण्यानं गेला. म्हणून आण्णा मला घेऊन परंड्याला आले आणि तेच म्हणाले, जे सगळे म्हणतात. चाचांनी आण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. मी रडून रडून डोळे सुजवले होते. चाचा कॅमेरा बाजूला ठेवून म्हणाले, "आज न्हाय. हिला चार दिवस झोपू दे, मग आना. रडक्या डोळ्याची आई घरात लावायची व्हय?"

पुढच्या बाजारी आम्ही परत गेलो. "श्वास सोड, बेटा," चाचा म्हणाले. मी सोडला.

फ्रेम घरी आली. आत्या बघून म्हणाली, "अगदी वयनी बघतीया जनू." आण्णा रानात निघून गेले. आणि मी समोर उभी राहून आईला बघत राहिले. आई माझ्याच डोळ्यांनी मला बघत होती. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट वाटलं, आता हिला डोळे मिटता येणार नाहीत, मी जिवंत आहे तोवर.

त्यानंतर दर बाजारी मी काही ना काही कारण काढून त्या दुकानात जाऊ लागले. चाचा हाकलायचे नाहीत, बसही म्हणायचे नाहीत. मी मागे उभी राहून बघायची. कॉम्प्युटरवर ते एखाद्या म्हातारीच्या पापणीशी तासभर झटत बसायचे आणि मध्येच मागे न बघता विचारायचे, "काय चुकलंय?" मी सांगायची, "नजर वर लागली." ते मान हलवून नजर खाली आणायचे.

बारावी झाल्यावर ते एम-एटीवर चाचीला मागे बसवून आमच्या शेतावर आले. पारावरच्यांनी अर्थातच विचारलं, "कोण गेलं?" चाची गाडीवरूनच म्हणाली, "मी आलीय की! मयताला कधी बायको घेऊन आल्यात का हे?"

येण्याचं कारण असं, की मुसलमान घरांतल्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोवाला चालत नसे. चाचा त्यांच्यातलेच, पण पडद्याला आपला-परका कळत नाही, तो बाई आणि पुरुष एवढंच ओळखतो. त्यांना एक मुलगी हवी होती. आण्णा बांधावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चाचा, फोटू काढून मान्साचं पोट भरतंय व्हय?"

"माझं भरलंय की. बघा," चाचांनी आपल्या खपाटीला गेलेल्या पोटावर हात ठेवला.

आण्णा हसले. आई गेल्यावर मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. पण लगेच गंभीर होऊन म्हणाले, "पोरीची जात हाय. लोक काय म्हनतील?"

चाची पुढे झाली. "दिवस मावळायच्या आत पोरगी घरात आसंल. दुपारचं माझ्यासमोर जेवंल. आमच्यात कोंबडी आसंल त्या दिशी तिला येगळं पिठलं टाकीन, तुमी काळजी नका करू."

त्या पिठल्याची वेळ कधी आली नाही. चाचीच्या हातची कोंबडी मला फार आवडायची. ही गोष्ट आण्णांना सांगायचं मात्र मी आणि चाचीनं दोघींनी टाळलं.

मी कामाला लागले. मेंदी, हळद, नवरीची रुखसत. बायकांच्या खोल्यांत घुसून मी हवे तसे फोटो काढायची. चाचा नंतर एकेक बघायचे. "चांगला" हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. आवडला तर "ठीक हाय" म्हणायचे. नाही आवडला तर शेंगदाणे खायला लागायचे. बराच वेळ त्यांचं तोंड चालू राहिलं की समजायचं, सगळी फिल्म वाया गेली.

मयताला त्यांनी मला पुष्कळ दिवस नेलं नाही. पहिल्यांदा नेलं तेव्हा दाराबाहेर थांबवून म्हणाले, "रडायचं आसंल तर हितं रड. आत भिंगावर वाफ धरली तर त्या लोकाला दुसरा फोटो न्हाय." मी रडले. ते बाजूला उभे राहून एम-एटीचा आरसा पुसत राहिले. मग आम्ही आत गेलो.

आता मी एक गोष्ट सांगते, ती मी सहसा कुणाला सांगत नाही. वाकडीकडच्या एका वस्तीवरची लहान मुलगी शेततळ्यात पडून गेली. तळ्याचा प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, लेकरू एकदा घसरलं की वर येत नाही. फोटो चाचांनीच काढला होता. काही दिवसांनी तिची आई दुकानात आली. अजून पोरसवदाच होती.

"डोळे उघडून द्या," ती म्हणाली. "माझ्यावर गेली हुती सगळी. माझेच घाला."

चाचांनी मान हलवली. "न्हाय जमनार, बाई."

"का न्हाय जमनार? समद्यांचं करता की!"

"डोळे खालनं वर जातात. लेकराचे आईला बसतात. आईचे लेकराला बसत न्हाईत."

ती भडकली. असलं नसलं सगळं बोलली. मुसलमान आहे म्हणून असं करतोस, इथपर्यंत गेली. चाचा ऐकून घेत उभे राहिले. ती फोटो घेऊन तडक बार्शीला गेली आणि तिथे दुसऱ्या कुणाकडून करून घेतला. मला चाचांचा रागच आला होता. कसली ही पद्धत, मनात म्हटलं. आईला हवं ते द्यायला काय जात होतं?

काही आठवड्यांनी ती परत आली. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम तिने काउंटरवर पालथी ठेवली. उलटी करायला तिचा हात धजत नव्हता. "चाचा," ती म्हणाली, "ती माझ्याच डोळ्यानं माझ्याकडं बघतीया. मी रडली की रडतीया. म्या काय करू?"

चाचांनी तिला बसवलं, चाचीला हाक मारून चहा करायला सांगितला. मग त्यांनी जुना फोटो काढला आणि तिच्यासमोरच कामाला बसले. डोळे मिटलेलेच ठेवले. मागचं सगळं पुसून डोक्याखाली उशी आणली, फ्रॉक निळा केला, कारण मुलीला निळा आवडायचा असं आई म्हणाली. प्रिंट तिच्या हातात देताना म्हणाले, "झोपलीया म्हना."

ती गेल्यावर चाचा कॉम्प्युटर बंद करून भिंतीकडे तोंड करून बसले. शेंगदाण्यांनाही हात लावला नाही. चाची कप उचलायला आली आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "आमचं बी एक गेलं, बेटा. जलमलं आन् गेलं. आमच्यात मयताचा फोटो न्हाय काढत. त्याचं तोंड ह्यांना आता याद बी न्हाय." त्यांना पुढे मूल झालं नाही.

त्या दिवसानंतर मी चाचांच्या पद्धतीला कधी नावं ठेवली नाहीत.

धाराशिवला स्टुडिओ काढावा हे माझ्या डोक्यात चाचांनीच घातलं. "हितं आता मोबाइलवालेच फोटो काढतात. मी संपलो, तू कशाला संपतीस?" असं ते म्हणाले. मी नाराज झाले तर आठवडाभर माझ्याशी तुटक वागले, म्हणजे मी आपणहून जावं. उद्घाटनाला मी त्यांना फीत कापायला बोलावलं. ते सकाळच्या पहिल्या एसटीने आले, फीत चाचीकडून कापवली आणि आत जाऊन आईचा फोटो टांगलेला खिळा बघितला. खिळा जरा वाकडा होता. कुठूनसा दगड आणून त्यांनी तो ठोकला.

मी म्हटलं, "चाचा, तुम्ही नसतात तर…"

"शुक्रिया अल्लाचा करायचा," त्यांनी मला मध्येच तोडलं. "माझा केलास तर मी फुगंन, आन् गाडीत मावनार न्हाय."

"मग निदान एक फोटो काढू द्या तुमचा. इथे लावते, आईच्या शेजारी."

"आज तुझा दिवस हाय. माझा काढ की फुडं. मी कुठं पळतोय?"

हे त्यांचं नेहमीचंच होतं. त्यांचा फोटो म्हणून जगात काही नव्हतं. निकाहातला एक होता, त्यात तोंडावर फुलांचा सेहरा. बाकी त्यांच्या तोंडापुढे कायम कॅमेरा. मोबाइल आल्यावर कुणी काढायला गेलं की ते पाठ फिरवायचे. लोकांचे फोटो काढायला येतो तोच फोटोत गेला की अपशकुन होतो, असं ते म्हणायचे, पण मला वाटतं, ते लाजायचे. दुसऱ्यांची तोंडं न्याहाळण्यात जन्म गेला की आपलं तोंड दुसऱ्याच्या हवाली करायला माणूस लाजतो.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. बार्शीला डायलिसिस सुरू झाला. धाराशिवहून जमेल तेव्हा मी गाडी घेऊन जायची आणि परंड्याहून त्यांना बार्शीला न्यायची. त्यांचा तो काटकुळा देह सुजला, तोंड ओळखू येईना. मी दर वेळी कॅमेरा बरोबर ठेवायची, आणि ते दर वेळी ओळखायचे. तोंडावर रुमाल टाकून म्हणायचे, "आसल्या सुजल्या थोबाडाचा काढतीस? सूज उतरू दे. मग काढ, पायजे तेवढा."

मला एकाच गोष्टीची भीती होती. हा माणूस उद्या गेला तर त्यांच्यात मयताचा फोटो कुणी काढणार नाही. आणि ज्याने सगळ्या तालुक्याचे डोळे उघडून दिले, त्याचा डोळे उघडे असलेला एकही फोटो मागे राहणार नाही. मी एकदा गाडी चालवता चालवता हे सगळं बोलून टाकलं. जरा रागावूनच बोलले.

चाचा बाहेर बघत होते. ऊस तोडून नेल्यावरची रानं मागे जात होती. मग म्हणाले, "समजा मागनं कुनी माझा फोटो आनला तुझ्याकडं. डोळे कुठनं आनशील? माझ्या खाली कोन हाय?"

"मी आहे की," मी म्हटलं.

त्यांनी रुमालाने काच पुसल्यासारखं केलं, काच स्वच्छच होती. पुढे एक वळण आलं तेव्हा म्हणाले, "गाडी नीट चालव."

सूज उतरली नाही. चाचीच्या भाच्याचा, इरफानचा फोन आला तेव्हा मी एका हळदीच्या घरात होते. हाताखालच्या मुलीच्या हातात कॅमेरा दिला आणि निघाले.

परंड्यात घरापुढे गर्दी होती. आमच्या पारावरचीही माणसं आली होती. त्यांना आज कुणाला विचारावं लागलं नव्हतं. त्यातलेच एक तात्या पुढे होऊन म्हणाले, "वैशाली, काढ की गं फोटू. त्यांनी समद्यांचं काढलं. माझ्या बा-मायचं त्यांनीच काढलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांचं काही चुकत नव्हतं. इरफान माझ्याकडे अवघडून बघू लागला.

"ताई, आपल्यात…"

"मला माहीत आहे, इरफान. कॅमेरा मी आणलाच नाही."

चाचीनं मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. पांढरं कापड तोंडावरून बाजूला केलं. सूज गेली होती. मेल्यावर का होईना, ते पुन्हा स्वतःसारखे दिसत होते. डाव्या खिडकीतून उजेड अगदी बरोबर पडला होता, हे मला दिसलं आणि स्वतःची शरम वाटली. मग वाटलं, शरम कसली, हे त्यांनीच शिकवलंय. मी किती वेळ श्वास धरून उभी होते कोण जाणे. चाचीनं पाठीवर हात ठेवला तेव्हा सुटला.

पुरुषांनी जनाजा उचलला. बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी दारातच राहिले.

चाळिसावा झाल्यावर चाची इरफानबरोबर एसटीने धाराशिवला आली. पर्समधून तिने प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं आधारकार्ड काढलं आणि माझ्या काउंटरवर ठेवलं. सरकारपुढे पाठ फिरवता येत नाही, म्हणून तेवढा एक फोटो निघाला होता. त्यातही चाचांनी नेमक्या वेळी डोळे मिटले होते. आम्ही दोघी त्या कार्डाकडे बघत राहिलो. मला हसू आलं.

"डोळे उघडून दे, बेटा," चाची म्हणाली.

मी कार्ड उजेडात धरलं.

"भितीवर लावनार न्हाय मी. आमच्यात चालत न्हाय. कपाटात ठेवीन. कवातरी काढून बघीन." मग जरा थांबून म्हणाली, "मिटलेले म्या बघितल्यात. तेच डोळ्याम्होरं येतंय सारखं."

त्यांच्या वळणावर गेलेलं कुणी नव्हतं. भाऊ नाही, बहीण नाही. इरफान चाचीकडचा, त्याचा तोंडवळाच वेगळा. मी स्टुडिओतल्या मुलीला बोलावलं, खिडकीशी स्टूल ठेवलं आणि स्वतः त्यावर बसले. लहानपणी बसले होते तशीच. मुलगी कॅमेरा घेऊन समोर उभी राहिली आणि सवयीने म्हणाली, "मॅडम, स्माइल." मी तिला म्हटलं, "काही म्हणू नकोस." आणि श्वास सोडला.

आयुष्यात मी एवढं मन लावून कुठलं काम केलं नाही. पापण्या विरळ केल्या. बुबुळाभोवती म्हातारपणाची फिकट कड आणली. डावी पापणी त्यांची जरा उतरलेली असायची, ती उतरवली. नजर वर लागली होती, ती खाली आणली. "काय चुकलंय?" असं मागे वळून कुणाला तरी विचारावंसं वाटायचं. मागे कुणी नव्हतं. मी प्रिंट काढली आणि परंड्याला गेले.

चाची अंगणात तांदूळ निवडत होती. पदराला हात पुसून तिने फोटो घेतला. लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. रस्त्यावरून एक गाडी गेली.

"हे तुझे हायत," ती म्हणाली.

"हो."

"त्यांचे असे नव्हते. त्यांचे जरा भेदरलेले असायचे. तुमाला कधी दिसले न्हाईत, तुमच्याम्होरं कॅमेरा आसायचा."

एवढी वर्षं त्या माणसाच्या शेजारी उभी राहिले आणि हे मला दिसलं नव्हतं. मी फोटोला हात लावला. "आणा चाची. दुरुस्त करते. भेदरलेले करून आणते."

तिने फोटो छातीशी ओढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "घरात बघनारं कुनीतरी पायजे."

ती उठून आत गेली. कपाट उघडलं, त्यांचा पांढरा सदरा घडी करून ठेवला होता त्याला फोटो टेकवून उभा केला. मग परत येऊन तांदूळ निवडायला बसली. कपाटाचं दार तिने लावलं नव्हतं. निघताना मी उंबऱ्यातून वळून पाहिलं, तर सदऱ्याला टेकून चाचा चाचीकडे बघत होते.